जुन्नरातला रशियन आणि त्याचा घोडा

भोसरीतून नाशिक रोडला लागलं की चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि मग डावीकडे जुन्नर. गेल्या शनिवारी पहाटे बाइक काढल्या आणि शिवनेरी गाठला. पायऱ्या चढताना मात्र माझ्या डोक्यात १६३० साल नव्हतं. त्याच्या दीडेकशे वर्षं आधी या गावात अडकून पडलेला एक रशियन होता.

अफनासी निकितिन, त्वेर शहरातला व्यापारी. (नर्गिसचा १९५७ सालचा 'परदेसी' आठवतोय का कुणाला? तो याच्यावरच.) १४७० च्या आसपास तो होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला, सोबत एक घोडा. दख्खनच्या फौजांना चांगले घोडे समुद्रापलीकडून आणावे लागत, त्यामुळे इथे ते सोन्याच्या भावाने विकले जात. हा घोडा त्याला शंभर रूबलला पडला होता. म्हणजे पठ्ठ्याने सगळं भांडवल एकाच जनावरात गुंतवलं होतं!

घाट चढून तो जुन्नरला आला, आणि पावसाने त्याला दोन महिने तिथेच अडकवलं. त्याने काय काय लिहून ठेवलंय! इथे घोड्यांना साखर घालून शिजवलेली खिचडी देतात म्हणे. जुन्नर खडकाच्या बेटावर आहे, माणसाने नाही, देवानेच घडवलेलं. वर जायला दिवस लागतो आणि वाट एका वेळी एकाच माणसापुरती. आता शिवनेरी तासाभरात चढून होतो, पण साखळदंडाची वाट पाहिली की 'एका वेळी एकच' हे मात्र पटतं.

जुन्नर तेव्हा बहामनी सुलतानाचं, आणि कारभारी होता असदखान. हा मुसलमान नाही हे कळल्यावर त्याने घोडा जप्त केला. धर्म बदल, घोडा परत मिळेल आणि वर हजार मोहरा. नाहीतर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरा दंड. मुदत चार दिवस.

विचार करा, परका देश, भाषा अर्धीमुर्धी, ओळखीचं कुणी नाही. आपण ऑनसाइटला गेल्यावर व्हिसाच्या कटकटींनी रडतो... शेवटी खुरासानचा ख्वाजा मुहम्मद गावात आला. निकितिनने त्याचे पाय धरले. त्या मुसलमानानेच शब्द टाकला आणि घोडा सुटला, धर्मही वाचला.

तो पुढे बीदरला गेला. नंतर परतीच्या वाटेवर, त्वेर गाठण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ वारला. वही तेवढी मायदेशी पोचली. जुन्नरची हकिकत सांगून झाल्यावर त्यात त्याने आपल्या गाववाल्यांना बजावलंय, की हिंदुस्थानात जायचं असेल तर आपला धर्म घरी ठेवून निघा.

त्याने स्वतः मात्र तो घरी ठेवला नव्हता.