वाळूवरची लांकडी गोदी



मराठ्यांच्या आरमाराचा विषय निघाला म्हणजे तोफांचा गडगडाट आणि वाऱ्यानें फुगलेलीं शिडें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु जहाज लढतें थोडे दिवस. त्याची निगा मात्र वर्षानुवर्षें राखावी लागते. शेंकडों मण भाराचें गलबत पाण्याबाहेर काढून त्याच्या पोटाखालीं माणसानें निर्धास्तपणें शिरावें कसें, हा प्रश्न ज्या सुतारांनीं व खलाशांनीं सोडविला, त्यांचीं नांवें बखरींत आढळत नाहींत. आज त्यांच्या कामाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

समुद्र हा लांकडाचा छुपा शत्रू आहे. तळाला शिंपल्या व शेवाळ चिकटलें कीं गलबताचा वेग मंदावतो. लांकूड पोखरणारा किडा लागला तर फळी आंतून पोकळ होते. यावर उपाय एकच: गलबत वर काढून तळ खरवडणें, कुजलेल्या फळ्या बदलणें, सांध्यांत तेलांत भिजविलेला कापूस ठोकणें आणि वरून तेलाचा हात देणें.

पूर्वी कुलाबा व इ. स. १९८१ पासून रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर एवढें ओझें उचलणारें यंत्र कोठून असणार? तें काम भरतीनें केलें. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत येथें पाणी बारा-पंधरा फूट चढतें. त्या पाण्यावर गलबत शक्य तितकें वर आणावयाचें. उतारावर आडवे ओंडके अंथरून त्यांस तेल चोपडावयाचें. माणसांनीं दोर ओढावयाचा आणि मागें सुटलेला ओंडका उचलून पुढें घालावयाचा. ओहोटी लागली कीं कण्याखालीं जाड ठोकळे व दोन्ही कुशींना तिरपे टेकू द्यावयाचे. वाळूंत टेकू रुततो, म्हणून त्याच्या बुडाशीं रुंद फळी हवी, आणि पाचर दोन्ही बाजूंनीं सारखी ठोकली पाहिजे. एक टेकू सरकला तर खालच्या माणसाचा प्राण जावयाचा.

इ. स. १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर शिवाजी महाराजांनीं तेथील खाडींत जहाजें बांधावयास घेतलीं. इ. स. १६८० मध्यें अलिबागेसमोर कुलाब्याच्या किल्ल्याचें काम सुरू झालें. पुढें तोच किल्ला कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें एक मुख्य ठाणें बनला. त्यांचीं गलबतें उथळ खाडींत शिरत आणि ओहोटीला चिखलावर बसत. मोठ्या जहाजांसाठीं आंग्र्यांनीं विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडींत गोदी केली. परंतु लहान तारवांना वाळू आणि लांकूड पुरेसें होतें.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, इ. स. १७१६ च्या सुमारास, या कामाचा विचार राजनीतीच्या पातळीवर केलेला आहे. पाऊस लागण्यापूर्वींच आरमार छावणीस आणावें, आणि दरसाल एकाच बंदरावर छावणीचा भार घालूं नये, असें त्यांत बजावलें आहे. आरमारास लागणारें थोर लांकूड रानांतून हुजूरच्या परवानगीनें न्यावें. आंबा-फणसाचें लांकूड उपयोगी असलें तरी रयतेच्या झाडास हात लावूं नये, कारण तीं झाडें लोकांनीं पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादा धनी राजीखुषीनें जुनें झाड देईल, तर मोल देऊन घ्यावें. जहाजाखालीं लांकडाचा टेकू हवा तसा राज्याखालीं रयतेचा; दुसरा मोडून पहिला मिळविणें ही खोट होय, हें अमात्यांनीं नेमकें जाणलें होतें.

पुढें काळ पालटला. लवजी नसरवानजी वाडिया इ. स. १७३६ मध्यें सुरतेहून मुंबईस आले, आणि इ. स. १७५० नंतर तेथें दगडी कोरडी गोदी उभी राहिली. इ. स. १८४० मध्यें आंग्र्यांचें संस्थान कंपनीनें खालसा केलें. आरमार गेलें, वाळूवरची विद्या मात्र कोळ्यांनीं जतन केली. आज फायबरच्या होड्या आल्या आहेत, यंत्रें आलीं आहेत. तरीही जून-जुलैंत मासेमारी बंद असतां या किनाऱ्यावर ओळीनें टेकलेल्या होड्या दिसतात. त्यांच्या बुडाशीं लावलेल्या साध्या लांकडाकडे क्षणभर पाहावें. आपल्या आरमाराच्या इतिहासाचें तेंही एक पान आहे.