‘नेटिव्ह’ म्हणजे नेमका कोण?

मंडळी, सुरुवात एका साध्या प्रश्नाने करतो. मुंबईत ओळख झाली की पाच मिनिटांत विचारलं जातं, “तुमचं नेटिव्ह कुठलं?” उत्तर येतं संगमेश्वर, पाटण, कणकवली. उत्तर देणारा जन्मलेला असतो परळला नाहीतर डोंबिवलीला! आता गंमत बघा. ‘नेटिव्ह’ हा शब्द मूळ लॅटिनमधला, आणि त्याचा संबंध थेट जन्माशी. इंग्लंडमध्ये ‘यॉर्कचा नेटिव्ह’ म्हणजे यॉर्कमध्ये जन्मलेला. त्यात कमीपणा काहीच नाही.

हाच शब्द कंपनी सरकारबरोबर इथे आला आणि त्याचा अर्थ सरकला. १८२७ साली मुंबईत ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ हे नाव आलं. तिथे तो ‘एतद्देशीय’ एवढ्याच अर्थाने आहे. पण फौजेत नेटिव्ह इन्फंट्री, शहरात नेटिव्ह टाउन, नकाशावर नेटिव्ह स्टेट्स असं सुरू झालं, तेव्हा त्याचा खरा अर्थ झाला ‘युरोपियन नसलेला’. शिपाईही नेटिव्ह आणि कोल्हापूरचे महाराजही नेटिव्ह. रुडयार्ड किपलिंग मात्र १८६५ साली याच मुंबईत जन्मला, तरी त्याची गणना नेटिव्हांत झाली नाही.

म्हणजे व्यवहारात शब्द जन्माचा राहिला नव्हता, कातडीचा झाला होता. आणि कायद्यात? १८७० साली लंडनची परीक्षा न देता नेटिव्हांना वरच्या सनदी जागांवर नेमण्याची तरतूद झाली. तेव्हा व्याख्या करणं भाग पडलं. इथल्या ब्रिटिश मुलखात जन्मलेला, इथेच कायम वास्तव्य असलेला, आणि ज्याचे आईबापही केवळ तात्पुरत्या कामासाठी आलेले नाहीत, तो नेटिव्ह. या व्याख्येत रंगाचा उल्लेखच नाही! इथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेलं गोरं कुटुंबही तीत बसू शकत होतं.

आपल्या लोकांनी या शब्दाचं काय केलं? विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८६४ साली मुंबईत इंग्रजी-मराठी पत्र काढलं आणि नाव ठेवलं ‘नेटिव्ह ओपिनियन’. हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. ज्याच्यावर राज्य करायचं, त्याला स्वतःचं मत आहे, हे त्या नावातच आलं. शब्द त्यांचाच, पण बोलणारा बदलला.

आज त्यातला अपमान गेला. आपण त्या विशेषणाचं नामच करून टाकलं. नेटिव्ह म्हणजे गाव, गणपतीला जायची जागा. पण सावध राहायला हवं. हाच प्रश्न एकाला आपुलकीने विचारला जातो, तर चाळीस वर्षं इथे राबलेल्या दुसऱ्याला ‘तू इथला नाहीस’ हे ऐकवण्यासाठी. म्हणून जुन्या कागदात असा शब्द भेटला की कोशातल्या अर्थावर थांबू नका. कोण म्हणतंय, आणि कोणाला, हे आधी विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.