रेडी, रविकीर्ती आणि शिरगणती



रेडी म्हटलं की बहुतेकींना द्विभुज गणपती, यशवंतगड आणि खाणींची लाल माती आठवते. वेंगुर्ले तालुक्यातलं, गोव्याच्या हद्दीला टेकलेलं हे गाव. पण गावाची जुनी आठवण एका जैन कवीने दगडावर जपून ठेवली आहे, हे आपल्यातल्या फारजणींना ठाऊक नसतं.

कर्नाटकात ऐहोळेच्या टेकडीवर मेगुती नावाचं जिनालय आहे. ते बांधवलं रविकीर्तीने, आणि तिथला शिलालेखही त्याचाच. शके ५५६, म्हणजे इसवी सन ६३४-३५. त्यात चालुक्यांच्या पराक्रमाचं वर्णन आहे. दुसऱ्या पुलकेशीचा चुलता मंगलेश याने समुद्रात सैन्य उतरवून रेवतीद्वीप जिंकलं, असं तो सांगतो. हे रेवतीद्वीप म्हणजेच आजची रेडी, असं इतिहासाचे अभ्यासक मानतात. पुढे तिथे चालुक्यांचा अधिकारी राहून आसपासच्या मुलखाचा कारभार बघत असे, हेही शके ५३२ च्या गोव्याच्या ताम्रपटातून कळतं.

मला त्या शिलालेखातली वेगळीच गोष्ट थांबवून ठेवते. रविकीर्ती म्हणतो, पुलकेशीच्या ताब्यात तीन महाराष्ट्र आले आणि त्यांत ९९,००० गावं होती. आजच्या महाराष्ट्रातही पंचेचाळीस हजारांच्या आतच गावं आहेत, तेव्हा ही कवीची संख्या असणार! राजाची स्तुती करताना कोण हात आखडता घेईल? पण मोजलं काय, ते बघा. माणसं मोजली नाहीत, गावं मोजली. कर गावावर बसायचा. घरात किती लेकी, किती सुना, याच्याशी राजाला कर्तव्य नव्हतं.

डोकी मोजायला सुरुवात झाली ती इंग्रजांच्या काळात. १८१९ मध्ये रेडीचा किल्ला आणि किनारपट्टी सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेली. १८७२ मध्ये पहिली खानेसुमारी झाली, तीही सगळीकडे एकाच वेळी नाही. साऱ्या देशात एकदम झालेली पहिली मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्रीची. १९३१ पर्यंत हीच रीत होती. त्या रात्री जो जिथे सापडेल, तिथे त्याची नोंद.

कोकणासाठी ही रीत फार बोलकी ठरली. घरचा पुरुष गिरगावात नाहीतर परळ-लालबागच्या चाळीत झोपलेला, म्हणून तो मुंबईचा. घरी सासू, सून आणि पोरं, ती रत्नागिरी जिल्ह्याची. (रेडी तेव्हा त्याच जिल्ह्यात होती. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला.) म्हणून या पट्ट्यात दशकानुदशके हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त बायका दिसत आल्या, आणि मुंबईत नेमकं उलट. हा आकडा वाचून कोकणात स्त्रीचं किती कौतुक, असं म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. अहो, ते कौतुक नव्हे, मनिऑर्डरची वाट बघणं होतं. शेत, गुरं, आजारपण, देवाचं सगळं तिनेच बघायचं.

२००१ मध्ये सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देश १७.७ टक्क्यांनी वाढला आणि हा जिल्हा चक्क आटला. हजार पुरुषांमागे बायकाही १,०७९ वरून १,०३६ वर आल्या. माझ्या मते आता एकटा पुरुष जात नाही, बिऱ्हाडच उठतं. मुलांच्या शिक्षणासाठी घराला कुलूप लागतं ते गणपतीत नाहीतर शिमग्याला उघडतं.

आता आपल्याकडे वळते. २०११ मध्ये देशात जैन ४४,५१,७५३, त्यांतले १४,००,३४९ आपल्या महाराष्ट्रात. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. दहा वर्षांत वाढ फक्त ५.४ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जैन स्त्रीमागे सरासरी १.२ मुलं निघाली, सगळ्या धर्मांत सर्वांत कमी. शिक्षण, उशिरा लग्न, शहरातली लहान घरं, कारणं आपल्याला माहीत आहेत. अलीकडे मेळाव्यांतून सुनांना सांगितलं जातं, समाज घटतोय, तिसरं मूल होऊ द्या. सांगणारे बहुधा पुरुष.

त्यांना मी दुसरा आकडा दाखवीन. २००१ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे देशात ९२७ मुली होत्या, जैनांत ८७०. २०११ मध्ये आपण ८८९ वर आलो, तरी देश ९१८ वर होता. साक्षरतेत पहिले, पाणी गाळून पिणारे, चातुर्मासात पालेभाजी टाळणारे आपण. रेडीतले पुरुष मोजणीत दिसले नाहीत कारण ते परळात होते. आपल्या मुली कुठे होत्या? त्या कुठल्याच गावी गेलेल्या नव्हत्या. सोनोग्राफी यंत्रं शहरात आली आणि शहरात राहणारे, पैसेवाले आपणच जास्त. समाज घटल्याची चिंता करायची तर सुरुवात इथून करावी लागेल.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही तिची तारीख धरली आहे, आणि मोबाइलवर स्वतः माहिती भरायची सोयही असणार आहे. यावेळी जातही विचारतील. तेव्हा धर्माच्या प्रश्नाला उत्तर ‘जैन’, आणि चतुर्थ, पंचम, सैतवाळ, कासार जे असेल ते जातीच्या प्रश्नाला. मागच्या वेळी अर्जावर जैनांसाठी ६ हा स्वतंत्र क्रमांक होता. तरीही घरातल्यांनी घाईत काही भलतंच सांगितल्याचं ऐकिवात आहे, म्हणून दारावर माणूस आला तर उत्तर तुम्ही स्वतः द्या. कामाच्या प्रश्नाला नवरा पटकन ‘घरीच असते’ म्हणून टाकतो. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणं हेही मागच्या मोजणीच्या व्याख्येत काम होतं. दुकानाचा हिशेब तुम्ही लिहीत असाल, तर तसं सांगा.