टायरगाडीचं कूळ

दसरा उलटला की नांदगावच्या घाटमाथ्यावरून, जातेगाव-बोलठाणच्या बाजूनं, ऊसतोडीची बिऱ्हाडं उतरू लागतात. कुणी निफाडकडे, कुणी संगमनेर-प्रवरेकडे, कुणी पार बारडोलीला. आता माणसं-बैल ट्रकमध्ये चढतात. पूर्वी हीच वाट बैलगाड्यांच्या रांगांनी कापली जायची, गाडीत भांडी, पीठ, कोंबड्या आणि पोरं घालून. अमेरिकेत 1843 साली ऑरेगनच्या वाटेला लागलेली हजारभर माणसं अशीच गाड्यांना बैल जुंपून पश्चिमेला गेली होती. ती तिथंच राहिली. आपली अक्षय्यतृतीयेच्या आसपास परत येतात.

मी नादावलो तो त्या गाडीच्या चाकापायी. ऊसतोडीच्या गाडीला रबरी टायर असतो. कारखान्यांनी ट्रकची चाकं बैलगाडीला लावली, असा सर्रास समज आहे. कूळ नेमकं उलटं आहे. हवा भरलेल्या चाकाचं पहिलं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश इंजिनिअरनं 10 डिसेंबर 1845 रोजी घेतलं. मोटार तेव्हा कुणी पाहिलेली नव्हती. ते चाक घोडागाडीसाठी होतं, आणि गाडी ओढायला ताकद कमी लागावी हा त्याचा उघड हेतू होता. 1847 साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये अशा चाकांची घोडागाडी लोकांनी पाहिली. पुढे हा शोध विस्मरणात गेला. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो नव्यानं लावला. थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचं पेटंट रद्द झालं. डनलॉप पेशानं गुरांचे डॉक्टर होते, हेही मला फार मोलाचं वाटतं. म्हणजे टायर मुळात जनावराच्या खांद्यावरचा भार हलका करायला जन्मला. मोटार ही त्याची आडवाट. घाटमाथ्यावरची टायरगाडी सरळ वंशातली.

भारतात डनलॉपचा कारखाना 1936 साली हुगळीकाठी साहागंजला निघाला. बैलगाडीचा टायर हा या धंद्यात स्वतंत्र प्रकारच ठरला. त्याच सुमारास, 1932च्या संरक्षक कायद्यानंतर, देशात साखर कारखाने भराभर उभे राहत होते. नांदगावच्या शेजारी मालेगाव तालुक्यात रावळगावला वालचंद हिराचंदांचा कारखाना त्याच दशकातला. प्रवरेचा सहकारी कारखाना 1950चा.

आता माझा लाडका सिद्धांत. ही सहकुटुंब फिरस्ती 1972च्या दुष्काळानं घडवली, असं सांगतात. दुष्काळानं माणसं ढकलली, हे खरंच. पण 1876 ते 78चा दुष्काळ काय कमी होता? तेव्हा अशी दरवर्षी जाऊन परतणारी बिऱ्हाडं घडली नाहीत. फरक चाकाचा आहे, असं मला वाटतं. लाकडी चाकाची गाडी जेमतेम टनभर ओझं नेणार. कोरड्या हवेत पुठ्ठ्या आकसतात, धाव सैल होते, चाक पाण्यात भिजत ठेवावं लागतं. टायरगाडी दीड-दोन टन, कधी त्याहून जास्त ऊस सहज ओढते. कारखान्याचा ऊस लांबून येऊ लागला, फड वाढले, आणि एक माणूस गाडी घेऊन कारखान्यावर रात्रभर नंबरला उभा राहणार म्हटल्यावर फडात आणि कोपीवर दुसरं माणूस हवंच. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा हिशेब इथून पक्का झाला, असं मी मानतो.

यावर कुणी म्हणेल, तोडणीच्या ‘डोकी सेंटर’ पद्धतीत गाडीच नसते, मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवतात, तरी तिथंही जोडीचाच कोयता आहे. आक्षेप वजनदार आहे. माझं उत्तर असं, की गाडीवर पडलेली वहिवाट ट्रकनं आयती उचलली. शिवाय वाढ्यांचं काय? उसाचे हिरवे शेंडे बैलांना पोटभर मिळतात. पाणी आटलेल्या गावात दिवाळीनंतर बैलजोडी जगवायची कशी, या प्रश्नाला टायरगाडी हेच उत्तर होतं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घरातल्या माणसांना बांधून घेते. बैलांना नेतात ती वाढी.

एक गोष्ट मात्र मला बोचते. गाडी सेंटरला गाडी आणि बैल दोन्ही मजुराचे. टायर सेंटरला बैल मजुराचे, गाडी कारखान्याची, तीही भाड्यानं. ऑरेगनला निघालेल्या कुटुंबाची गाडी निदान त्याची स्वतःची होती. इथं चाक सुधारलं आणि मालकी हातची गेली. थॉमसनच्या चाकानं बैलाचा भार उतरवला, तो काही अंशी गाडीवानाच्या हिशेबाच्या वहीत जाऊन बसला.

गेल्या काही वर्षांत छोट्या ट्रॅक्टरमागे दोन टायरगाड्या जोडून ऊस नेतात. लोक त्याला जुगाड म्हणतात. चाक तेच, साटा तोच, फक्त धुरेला बैल नाहीत. मग वाढी विकली जातात, आणि घाटमाथ्यावर बैलजोडी पाळायला कारण उरत नाही.