लेबलवरचे ४५० वॅट: मोर्शीच्या डीपीपासून कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायपर्यंत

आजचा एपिसोड कॉम्प्युटरच्या अशा पार्टबद्दल आहे, जो आपण सगळ्यात शेवटी घेतो आणि सगळ्यात स्वस्तातला घेतो. पॉवर सप्लाय. दुकानात याला एसएमपीएस म्हणतात. इतिहास सांगणारच आहे, पण आधी माझी एक गोष्ट ऐका.

२०१४ ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी मोर्शीत अकरावीला होतो. आंबिया बहाराची संत्री विकली गेली आणि बाबांनी मला सेकंडहँड ग्राफिक्स कार्डसाठी पैसे दिले. कार्ड १४० वॅटचं. त्याच्या माहितीत लिहिलेलं, किमान ४५० वॅटचा सप्लाय हवा. मी कॅबिनेट उघडून पाहिलं, तर आतल्या लोकल सप्लायवर लेबल होतं, ४५० वॅट. झालं की मग!

महिनाभर गेम सुरू केला की पीसी मधूनच बंद पडायचा. एका रात्री फट्ट आवाज आला आणि जळका वास सुटला. कार्ड गेलं, मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्कही गेली. त्या डिस्कवर ताईच्या लग्नाचे सगळे फोटो होते, आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. बाबा एवढंच म्हणाले, "लाईनचा काही भरोसा नाही बाप्पा, लाईननंच खाल्लं असन."

आम्हाला ते पटलंही. कारण आमची पिढी लोडशेडिंगमध्ये वाढली. ज्या वर्षी वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण झाल्या, ते २००५. त्यानंतरची काही वर्षं राज्यात विजेचा तुटवडा इतका होता, की कंदील शोधणं हा घरातला रोजचा कार्यक्रम होता. त्यामुळे काहीही जळलं की नाव लाईटचंच. पण त्या रात्री लाईट व्यवस्थित होती. बाजूच्या खोलीत टीव्ही चालू होता.

मग चूक कुठे झाली? ते समजायला थोडं मागे जाऊ.

१९७७. ॲपल टू हा कॉम्प्युटर येतो. तोवर बरेच सप्लाय जड ट्रान्सफॉर्मरवाले होते, खूप तापायचे. ॲपलच्या रॉड होल्ट या इंजिनिअरने त्यात स्विचिंग सप्लाय बसवला. वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायची, म्हणजे छोट्या ट्रान्सफॉर्मरवर काम भागतं. हे तंत्र आधीपासून होतं, पण इथे ते घरगुती कॉम्प्युटरमध्ये आलं. एसएमपीएसमधला 'स्विच' तो हाच.

१९८१. आयबीएमचा पहिला पीसी. सप्लाय किती? फक्त ६३.५ वॅट! आज नुसता प्रोसेसर कधीकधी त्याहून जास्त घेतो. १९८३ मध्ये हार्ड डिस्कसह एक्सटी मॉडेल आलं, तर सप्लाय थेट १३० वॅट. १९८४ च्या एटीमध्ये १९२ वॅट. म्हणजे अपग्रेड करताना सप्लाय वाढवायचा, हा धडा चाळीस वर्षं जुना आहे.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स आणलं. आता विंडोज स्वतः पीसी बंद करू शकत होतं. पण त्यासाठी ५ व्होल्टची एक बारीक लाईन कायम जिवंत राहते. म्हणून विजा कडाडत असतील तर नुसतं शटडाऊन करून थांबू नका, भिंतीतली पिन काढा.

आता खरा मुद्दा. जुन्या पीसीत बराचसा भार ५ व्होल्टवर असायचा. २००० मध्ये पेन्टियम ४ आला, प्रोसेसरची भूक वाढली आणि भार १२ व्होल्टवर गेला. कारण साधं आहे. तेवढेच वॅट जास्त व्होल्टने दिले की करंट कमी लागतो, वायर कमी तापते. अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या केंद्रातून निघालेली वीज मोठ्या टॉवरवरून जास्त व्होल्टने नेतात, तेही ह्याच कारणाने. ग्राफिक्स कार्डही १२ व्होल्टवरच जगतं.

काही वर्षांनी मी तो जळका डबा पुन्हा काढून लेबल नीट वाचलं. वर मोठ्या अक्षरात ४५०. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर. गुणाकार करा, १६८ वॅट. माझं कार्ड १४०, प्रोसेसर ६५, म्हणजे २०५ तिथेच झाले. पंखे, हार्ड डिस्क वेगळे. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवून आकडा फुगवलेला होता. वर ओव्हरलोड झाल्यावर स्वतः बंद होण्याची धड सोयही आत नव्हती.

मग सप्लाय घेताना काय बघायचं? प्रोसेसर आणि कार्डचे वॅट जोडा, बाकीच्यासाठी साधारण ७५ धरा, आणि त्यावर निदान ४० टक्के मोकळे ठेवा. माझ्या पीसीला २८० आले, म्हणजे साधारण ४०० वॅट, आणि त्यातले बहुतेक १२ व्होल्टवर मिळायला हवेत. मोकळे वॅट का? कार्ड क्षणभर दुप्पटही ओढू शकतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० नियमांत असे झटके सहन करायची अटच आहे. शिवाय ते वॅट किती तापमानाला मोजलेत तेही बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तिथे २५ डिग्रीचा आकडा काय कामाचा?

आणि '८० प्लस'चा शिक्का? २००४ पासूनचा हा शिक्का कार्यक्षमता सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामी आली ते. झटका सहन होईल की नाही, हे तो सांगत नाही.

गेल्या वर्षी नवा पीसी जोडताना हे सगळं बाबांना सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे डीपी ५ मोटरीची अन् तू ८ मोटरी जोडल्या. अन् सुरू होताना तर मोटर लयच ओढते. जळन नाही तर काय होईन?"

मला जे कळायला काही वर्षं लागली, ते त्यांना शेतातल्या डीपीने कधीच शिकवलं होतं. २०१४ मध्ये मी त्यांना एकदा विचारलं असतं, तर ताईचे फोटो आज असते.

तुमच्याही कॅबिनेटमध्ये जुना डबा असेल तर आज लेबल वाचा, १२ व्होल्टसमोरचा आकडा बघा. आणि त्याआधी फोटोंची एक कॉपी दुसरीकडे ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!