अँटिबॉडींचं सँडविच आणि एक अपील
घरी गर्भधारणेची चाचणी करताना पट्टीवर दुसरी गुलाबी रेघ उमटते ना, ते एक सँडविच असतं. एक अँटिबॉडी पट्टीला चिकटलेली, दुसरी रंगाला जोडलेली आणि दोघींच्या मधे लघवीतलं एचसीजी.

१९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी अगदी एकसारख्या, म्हणजे मोनोक्लोनल, अँटिबॉडी हव्या तितक्या बनवायची पद्धत शोधली. सॅन डिएगोच्या हायब्रिटेक कंपनीने त्या सँडविच तपासणीत वापरल्या. १९८३ मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळालं. प्रतिस्पर्धी कंपनीवर तिने दावा लावला, तर १९८५ मध्ये खालच्या कोर्टाने पेटंटच रद्द ठरवलं. सँडविच जुनं, अँटिबॉडी माहितीतल्या. दोन्ही एकत्र करणं कुणालाही सुचलं असतं!

१९८६ मध्ये अपिलात निकाल फिरला. या अँटिबॉडी तपासण्यांत वापरल्या जातील, असं भाकीत अनेकांनी केलं होतं. पण ते जमवायचं कसं, हे कुणी सांगितलं नव्हतं, असं अपील कोर्टाचं म्हणणं. मला ते पटतं. निदान झाल्यावर ‘हे तर आधीच कळायला हवं होतं’ हे आम्हा डॉक्टरांनाही ऐकावं लागतं.

त्याच वर्षी हायब्रिटेकच्या पीएसए तपासणीला अमेरिकेत मान्यता मिळाली. वडिलांच्या रिपोर्टवरचा पीएसएचा आकडाही अशाच सँडविचमधून येतो.