पिछाडीची फळी

नावेचा सगळा मान नाळेला. नारळ तिच्यावर वाढवायचा, हार तिला घालायचा, शेंदराची बोटे तिच्यावर ओढायची. पिछाडीकडे पाहायला फुरसत असते ती फक्त सुताराला. इतिहास लिहिणारेही याला अपवाद नाहीत. वास्तविक दर्यावर्दी माणसाची फजिती पुष्कळदा पिछाडीनेच केलेली आहे.

मुळात नावेला मागची सपाट फळी नव्हतीच. जुन्या होड्यांची दोन्ही टोके निमुळती असत. मागून येणारी लाट अशा टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. सपाट फळीवर ती थापड मारते. पुढे युरोपियन जहाजे अरबी समुद्रात आली, तशी इथल्या बगल्यांना आणि कोटियांनाही त्यांच्यासारखी रुंद, नक्षीदार पिछाडी शोभू लागली. रुंद पिछाडी म्हणजे कप्तानाला ऐसपैस खोली आणि खोलीला खिडक्या. पण जिथे खिडक्या आल्या, तिथे भक्कम लाकूड कमी झाले. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारला नेल्सनचे 'व्हिक्टरी' हे जहाज फ्रेंचांच्या 'ब्यूसांतोर' या मुख्य जहाजाच्या पाठीमागून सरकले, आणि जाता जाता त्याने त्या खिडक्यांतून तोफा डागल्या. गोळे पिछाडीतून शिरले ते जहाजभर माणसे कापत गेले. यानंतर रॉबर्ट सेपिंग्ज नावाच्या इंग्रज जहाजबांधणी-तज्ज्ञाने पिछाडी गोल आणि भरीव करण्याचा हट्ट धरला. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची 'त्रिंकोमाली' बांधून १८१७ साली पाण्यात लोटली. तो साग इतका अस्सल की जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. पण १८४५ च्या सुमारास तिला पुन्हा कामावर घेताना तिचीही पिछाडी बदलावी लागली. साग टिकला, पिछाडी टिकली नाही!

तोफांचे दिवस सरले, आणि या फळीच्या नशिबी दुसरे ओझे आले. नावेबाहेर टांगायचे इंजिन निघाले. ओले एव्हिनरूड या नॉर्वेजियन घराण्यातल्या कारागिराने १९०९ पासून ते बाजारात चांगलेच रुजवले. त्याचे पहिले यंत्र दीड अश्वशक्तीचे, वजन सुमारे २८ किलो. आज मासेमारीच्या होडीला लटकणारी इंजिने याच्या कितीतरी पट ताकदीची असतात. असे इंजिन नुसते लटकत नाही. पंखा पाणी मागे लोटतो आणि त्या जोरावर फळीला ढकलतो. लाटेवर होडी आपटली की तेच धूड तिला मागे खेचते. दिवसातून हजारदा ही ओढाताण त्या एकाच फळीने सोसायची.

त्यात आले फायबर. १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट हा तरुण काचेच्या विटा जोडण्याच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर दाबलेल्या हवेचा झोत बसला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. काम फसले, पण वस्तू मिळाली. पुढे हे तंतू रेझिनमध्ये भिजवून साच्यात बसवण्याची युक्ती निघाली, आणि १९४२ साली ओहायोतल्या टोलेडो गावी रे ग्रीन याने काच व पॉलिस्टरची होडी तयार केली. महायुद्ध संपल्यावर या होड्यांचा सुकाळ झाला. न कुजणारी, न गंजणारी, वाळवी न लागणारी होडी, असा तिचा लौकिक. आपल्याकडे पूर्व किनाऱ्यावर २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मदत म्हणून फायबरच्या होड्या हजारोंनी वाटल्या गेल्या. कोकणातही साग परवडेनासा झाला तशा वाडीवाडीत त्या दिसू लागल्या.

आता यातली गोम पाहा. काचेचा थर ताणाला चिवट असला तरी पातळ असेतोवर लवतो. इंजिन धरायचे तर फळी जाड हवी, आणि सगळी जाडी काचेने भरायची तर खर्च फार. म्हणून बांधणाऱ्यांनी दोन थरांच्या पोटात प्लायवूड घातले. न कुजणाऱ्या होडीच्या नेमक्या कष्टाच्या जागी कुजणारे लाकूड बसले, तेही डोळ्यांआड! पुन्हा इंजिनाचे बोल्ट बसवण्यासाठी त्यात आरपार भोके पाडली ती आपणच. भोकातून खारे पाणी झिरपते आणि प्लायवूड ते पीत राहते. लाकडात २० टक्क्यांहून कमी ओल असेल तर ते सहसा कुजत नाही, आणि पाण्यात पुरते बुडून हवा तुटली तरी बुरशीचे चालत नाही. अर्धवट ओले आणि थोडी हवा, ही तिची खरी मेजवानी. फळीच्या पोटात ती बारमाही मांडलेली असते.

आमच्या मालवणकडच्या खाडीवर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशीच वापरलेली होडी घेतली. विकणाऱ्याने मागच्या फळीवरची भेग पुट्टी आणि निळा रंग लावून झाकली होती. पहिल्याच हंगामात ती पुन्हा उघडली. धाकट्या भावाला घेऊन तो पहाटे दर्यात जातो. फळी बाहेर दगा देती तर इंजिन समुद्राच्या तळाशी, आणि या दोघांचे काय, ते बोलून दाखवायला नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेवढ्यात काम उरकायचे होते.

"गुरुजी, वरसून एक मॅट मारली तर काय बिघडतला?" त्याने विचारले. एक थर म्हणजे थोडक्यात भागणारे काम. फळी उघडायची म्हणजे बायकोच्या बचतगटाचे कर्ज.

वाडीतले मिस्त्री म्हातारे, लाकडी होड्या बांधून फायबरकडे आलेले. त्यांनी छोट्या हातोडीने फळी वाजवत नेली. वर टणटण, मध्यावर मातीच्या मडक्यासारखा बद्द आवाज. मग खालचा बोल्ट काढला. भोकातून चहाच्या रंगाचे पाणी ओघळले.

"भायरसून झाकशीत, पण आतल्याचा काय?" एवढेच ते म्हणाले.

होडी पत्र्याच्या शेडात घेतली. बाहेरचा आकार बिघडू नये म्हणून त्यांनी आतला थर कापला. कडेने थोडी पट्टी ठेवली, नवा थर तिच्यावर चढावा म्हणून. आतून निघाले ते मुठीत चुरत होते. "मास्तरांनू, ह्यां लाकूड न्हय, चायची पावडर आसा!"

खरी लढाई इथून पुढची. आषाढात कोकणात पापडसुद्धा वाळत नाही. ओल कोंडून वर रेझिन लावणे म्हणजे पुन्हा तीच कूज. ताडपत्री बांधून आत दिवे लावले आणि दहा दिवस वाट पाहिली. विद्यार्थी रोज येई, बोट लावून पाही आणि काही न बोलता जाई.

खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याबरहुकूम १८ मिलिमीटरचे दोन मरीन प्लाय घेतले, कडांना रेझिन पाजले, दाट रेझिनने एकमेकांना आणि बाहेरच्या थराला चिकटवून आवळले. कुठे हवा राहू दिली नाही. वाडीत नेहमी पॉलिस्टर चालते. त्यातले कोबाल्टचे जांभळे औषध आणि हार्डनर थेट एकत्र केले तर भडका उडतो, म्हणून मिस्त्री त्या दोन बाटल्या शेजारी ठेवूच देत नाहीत. पण जुन्या, पक्क्या झालेल्या फायबरला पॉलिस्टर मनापासून धरत नाही. तिथे त्यांनी महागडे एपॉक्सी मागितले. त्याला नेहमीची मॅट मानवत नाही, म्हणून विणलेले कापड. काचेचे कापड काटकोनात वळत नाही, मागे पोकळी राहते. त्यासाठी कोपऱ्यांत दाट रेझिनची गोलाई दिली, मग थरावर थर, दर थर आधीच्याहून थोडा रुंद. बाहेरची भेग तर त्यांनी आणखी मोठी केली! तिच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारापट लांब उतार घासला, तेव्हा कुठे ती भरली.

शेवटी बोल्टची भोके. हव्या त्याहून मोठी पाडली, एपॉक्सीने बुजवली आणि सुकल्यावर मधोमध नवी पाडली. आता पाणी शिरले तरी लाकडाची गाठ पडत नाही.

इंजिन चढवल्यावर मिस्त्रींनी त्याचा पाय धरून जोराने वरखाली केला. फळी हलली नाही. बद्द आवाजाच्या जागी त्यांनी पुन्हा हातोडी मारली, विद्यार्थ्यानेही मारली, मग त्याच्या भावाने. तो कुजका तुकडा मिस्त्रींनी टाकलेला नाही. शेडाच्या खुंटीला टांगून ठेवला आहे, आणि नुसती मॅट मारायला सांगत कोणी आला की आधी तो त्याच्या हातात देतात.